बाटलीतला हलता देखावा: हँडल फिरवा, आत घण पडेल

बाटलीतलं जहाज फोटोत का होईना, सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण त्याच घराण्याची एक दुसरी शाखा आहे ज्यात बुचातून एक हँडल बाहेर आलेलं असतं आणि ते फिरवलं की आतली माणसं कामाला लागतात, कोणी घण मारतंय, कोणी बादली ओढतंय, कोणी करवत चालवतंय. ती फारशी कोणाला माहीत नसते, आणि मला विचाराल तर जहाजापेक्षा जास्त मजा त्यातच आहे. जहाज आत कसं गेलं एवढाच प्रश्न पडतो, इथे ते आत गेलं कसं आणि वर चालतंय कसं असे दोन पडतात.

ही कला जहाजांपेक्षा जुनीच म्हणावी लागेल. 18व्या शतकात मध्य युरोपात, खास करून खाणींच्या भागात, बाटलीत मजले करून खाणीचा देखावा बसवायची पद्धत होती. खालच्या मजल्यांवर दगड फोडणारे आणि माल ओढणारे खाणकामगार, वरच्या मजल्यावर जमिनीवरची कामं, अशी उभी बाटली. आज स्लोव्हाकियात असलेलं बान्स्का श्टियाव्हनित्सा हे खाणीचं गाव अशा बाटल्यांसाठी नावाजलेलं, आणि त्यातल्या काही बाटल्यांच्या डोक्यावर हँडल असायचं ज्याने आतली माणसं हलायची. 1674 साली जर्मनीत जन्मलेला माथियास बुखिंगर, ज्याला जन्मतःच हाताचे पंजे आणि पाय नव्हते, त्यानेही बाटल्यांत असे देखावे बसवलेले आहेत, तेव्हा "माझे हात तेवढे स्थिर नाहीत हो" ही सबब कोणी देऊ नये. बाटलीतली जहाजं म्हणाल तर जर्मनीतल्या ल्यूबेकच्या संग्रहालयात 1784 सालचं एक आहे आणि ते सगळ्यात जुन्यांपैकी धरतात, खलाशांनी घाऊक प्रमाणात जहाजं करायला लागणं हे त्याच्याही पुष्कळ नंतरचं, 19व्या शतकाच्या उत्तरार्धातलं.

असो. आता मुद्द्यावर येऊ, की आपण काय करायचं.

नवीन माणूस पहिल्यांदा हमखास असं मॉडेल निवडतो ज्यात बाटलीच्या आत भाग एकमेकांना जोडावे लागतात, म्हणजे हँडलची तार आत गेली, तिला एक जोडदांडा अडकवला, त्याला माणसाचा हात अडकवला. टेबलावर हे झकास चालतं. बाटलीत हातभर लांबच्या चिमट्याने दोन मिलिमीटरच्या भोकात तार ओवायला जा म्हणजे कळेल. या कामात कौशल्य म्हणाल तर ते हातात कमी आणि मॉडेल निवडण्यात जास्त आहे, सगळी हालचाल बाहेरच ठरवून टाकायची आणि आत गेल्यावर हलणारे भाग एकमेकांना फक्त टेकले पाहिजेत, बांधावे लागता कामा नयेत. परतीची हालचाल वजनावर सोडायची. वर उचलायचं काम हँडल करेल, खाली यायचं काम गुरुत्वाकर्षण करेल, आणि त्याला सांधा लागत नाही.

म्हणून पहिल्या मॉडेलसाठी मी लोहाराचा यांत्रिक घण सुचवतो. पाणचक्कीवर चालणारे असे मोठे घण खरोखरच्या भट्ट्यांमध्ये शेकडो वर्षं वापरात होते: फिरणाऱ्या जाड आसावर खुंट्या ठोकलेल्या, प्रत्येक खुंटी येते आणि घणाच्या दांड्याचं शेपूट खाली दाबते, डोकं वर उचललं जातं, खुंटी निसटली की घण धाडकन ऐरणीवर. आपल्याला हेच हवंय, फक्त पाण्याच्या जागी बोट.

बाटली

साधी 750 मिलीची सरळ अंगाची वाइनची बाटली घ्या, बिनरंगी पारदर्शक काचेची, अंगावर उठावाची अक्षरं नसलेली. तोंडाचा आतला व्यास साधारण 18 मिमी असतो आणि पोटाचा आतला व्यास 68 च्या आसपास, पण माझे आकडे घेऊन बसू नका, तोंड कॅलिपरने मोजा आणि पोटाचा बाहेरचा व्यास मोजून त्यातून काचेची जाडी दोन्हीकडून वजा करा. टेबलावर आडवी लोळवून बघा, डुगडुगत गेली तर ती बाटली सोडून द्या, कारण आपला आस बाटलीच्या मधोमध जाणार आहे आणि मान वाकडी असेल तर आस पण वाकडा जाणार.

धुताना आत मूठभर कच्चे तांदूळ आणि थोडं व्हिनेगर टाकून हलवलं की तळाचा थर निघतो. लेबल गरम पाण्यात भिजवून काढायचं, चिकट राहिलेलं खायच्या तेलाने निघतं. मग शेवटचं धुणं स्वच्छ पाण्याने आणि बाटली उलटी करून चांगली दोन-तीन दिवस वाळू द्यायची, डोळ्याला कोरडी दिसते म्हणून घाई करू नका, आत राहिलेला ओलावा नंतर बूच बसल्यावर काचेवर धुकं होऊन बाहेर येतो आणि मग पुसायला हात जात नाही.

हत्यारं

विकतचं फार काही लागत नाही. एक लांब चिमटा हवा, 25-30 सेंटीमीटरचा. बाकी सगळं तारेतून होतं. मोडक्या छत्रीच्या काड्या या कामासाठीच जन्माला आल्यात असं मला नेहमी वाटतं, कडक असतात, लांब असतात, टोक पकडीने हवं तसं वळवता येतं. एक सरळ ठेवायची ढकलायला, एकीचं टोक काटकोनात वळवायचं ओढायला, एकीला टोकाशी बारीक गोल कडी करायची खुंट्या दाबायला, आणि एकीच्या टोकाला कापूस गुंडाळून ठेवायचा कारण कुठेतरी गोंद सांडणारच. याशिवाय विणायची एक लांब सुई, बारीक कानस, पॉलिश पेपर, धारदार कटर, हाताने फिरवायचं बारीक गिरमिट, पकडी दोन. आणि बाटली लोळू नये म्हणून जाड पुठ्ठ्याचे किंवा लाकडाचे दोन खाचेचे ठोकळे, हे आधी करा, नंतर नाही.

गोंदाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण बरीच कामं इथेच बिघडतात. झटपट चिकटणारा इन्स्टंट गोंद बाटलीच्या आत अजिबात वापरू नका. त्याची वाफ उठते आणि आसपासच्या काचेवर पांढरट पापुद्रा धरतो, उघड्यावर ती उडून जाते पण बाटलीत कोंडते. बाहेर भाग जोडताना खुशाल वापरा, पण ते भाग एक दिवस उघडे ठेवून मगच आत घाला. काचेला लाकूड चिकटवायला दोन भागांचं इपॉक्सी, तेही सावकाश सुकणारं, कारण पाच मिनिटंवालं तुम्ही भाग जागेवर नेईपर्यंत घट्ट व्हायला लागतं. लाकडाला लाकूड चिकटवायला सुताराचा साधा पांढरा गोंद, फक्त त्यात पाणी असतं म्हणून दर वेळी बाटली उघडी ठेवून पूर्ण वाळू द्यायची.

कागदावर

आता कंपास घ्या आणि बाटलीच्या पोटाचा आतला गोल खऱ्या मापात काढा, म्हणजे त्रिज्या 34. मधोमध टिंब, तो आपला आस. सगळी मापं या टिंबापासून धरायची. टिंबाच्या 18 मिमी खाली आडवी रेघ, ती जमीन. या उंचीवर जमीन साधारण 57 मिमी रुंद मिळते, पण फळ्यांना जाडी असते आणि गोल खाली निमुळता होतो म्हणून 54 धरा.

टिंबाभोवती 3 मिमी त्रिज्येचा छोटा गोल काढा, हा आसावर चढवायचा लाकडी लोड, आणि त्यातून दोन समोरासमोर खुंट्या, टोकं टिंबापासून 7 मिमीवर. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 14, तोंडातून आरामात जातंय. टिंबाच्या उजवीकडे 10 मिमीवर आणि 3 मिमी खाली घणाच्या दांड्याची खीळ, म्हणजे ज्याभोवती दांडा वरखाली होईल तो बिंदू. खिळीपासून आसाकडे 6 मिमीचं शेपूट, बाहेरच्या बाजूला 13 मिमीचा हात, त्याच्या टोकाला घणाचं डोकं. घण ऐरणीवर टेकलेला असताना शेपटाचं टोक खिळीपेक्षा दोनेक मिमी वर असलं पाहिजे, म्हणजे खुंटीला दाबायला अंतर मिळतं.

या मापांनी घण साधारण 9 मिमी उचलला जातो. ऐकायला कमी वाटेल पण एवढ्या छोट्या देखाव्यात 9 मिमी म्हणजे माणसाच्या गुडघ्याएवढी उंची, लांबून स्पष्ट दिसतं आणि मुख्य म्हणजे टक् असा आवाज येतो. खीळ आसाच्या जवळ आणून शेपूट आणखी आखूड केलं तर उचल वाढेल पण हँडल जड लागेल आणि खुंटी अडकायला लागेल. विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्याचा दांडा आणि पुठ्ठ्याची खुंटी कापून त्याच कागदावर टाचणीने लावा आणि फिरवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

भाग तयार करणं

जमिनीखाली दोन आडव्या फासळ्या लागतात. 54 मिमी लांब, खालची कड बाटलीच्या गोलाईची, वरची सरळ, मधली उंची साधारण 14. या तोंडातून लांबीने आत सरकतात आणि आत गेल्यावर आडव्या वळवायच्या. जमीन स्वतः एक फळी नसते, चार पट्ट्या, प्रत्येक 13.5 मिमी रुंद, 2 मिमी जाड, 12 सेंटीमीटर लांब. पट्ट्यांमधल्या फटी लपवायच्या भानगडीत पडू नका, फळ्यांची जमीन म्हणून त्या शोभूनच दिसतात. कागदावरच्या नकाशावरून पट्ट्यांवर भोकं आधीच पाडून ठेवायची, प्रत्येक उभ्या वस्तूसाठी दोन-दोन, आणि प्रत्येक वस्तूच्या तळाला बांबूच्या काडीच्या दोन खुंट्या. दोन का, तर एकच असेल तर वस्तू गोल फिरते आणि आत ती सरळ करत बसण्यात जीव जातो.

घणाचा खांब म्हणजे दोन उभे कान, मध्ये दांडा, आरपार शिवणाच्या सुईचा तुकडा खीळ म्हणून. दांडा खिळीवर इतका सैल हवा की फुंकरीने हलला पाहिजे, भोक सुईपेक्षा थोडं मोठंच ठेवा. हा सगळा भाग बाहेरच जोडून पूर्ण करायचा. आत नेताना दांडा उभा केला की तो खांबाच्या रेषेत येतो आणि सगळं मिळून एक लांबट काडी होते, तोंडातून सहज जाते, आत गेल्यावर स्वतःच्या वजनाने खाली पडतो. घडी घालायची युक्ती म्हणून वेगळं काही करावं लागलं नाही, घणाचं काम आणि घडीचं काम त्याच खिळीने केलं. मॉडेल निवडताना मी नेहमी हेच शोधतो.

घणाचं डोकं लाकडाचं करू नका, हलकं पडतं आणि पडतच नाही, म्हणजे हवेत लटकून राहतं. लोखंडी बोल्टचा तुकडा किंवा पितळी सळईचा 6-7 मिमीचा तुकडा कानसून बसवा.

ऐरण वेगळी करायची, साधारण 8 मिमी उंच, तीही धातूची असेल तर आवाज सुंदर येतो. मुद्दाम नकाशापेक्षा अर्धा मिमी बुटकी ठेवा, नंतर खाली कागदाचे तुकडे घालून उंची जमवता येते, जास्त उंच झाली तर आत कानस चालवता येत नाही.

मग आसाचा मागचा खांब. आस एका टोकाला बुचात फिरणार आणि दुसऱ्या टोकाला या खांबात. पहिल्यांदा सगळ्यांच्या डोक्यात येतं की वर उघडी खाच केली की आस वरून अलगद बसेल. तसं करू नका. खुंटी शेपूट खाली दाबते तेव्हा शेपूट खुंटीला वर ढकलतं, म्हणजे प्रत्येक घावाला आस खाचेतून उडी मारणार. तिथे बंद भोकच हवं, जमिनीपासून बरोबर 18 मिमीवर, आणि बुचाच्या बाजूने त्या भोकाला नरसाळ्यासारखं तोंड करून ठेवायचं, मोठ्या ड्रिलने किंवा कटरच्या टोकाने, म्हणजे आत येणारं टोक चार-पाच मिमी इकडेतिकडे असलं तरी घसरत भोकातच जातं. या एका नरसाळ्याने शेवटच्या दिवसाचा त्रास पार संपतो.

आस म्हणजे सायकलचा स्पोक. 2 मिमी जाड, सरळ, आणि स्टेनलेस असेल तर गंजत नाही. डोकं कापून टाका, टोक कानसून गोल करा. लोड म्हणजे 6 मिमी जाड लाकडी काडीचा 10 मिमी तुकडा, मध्ये आरपार भोक, स्पोकवर इपॉक्सीने पक्का. स्पोक चिकटवायच्या जागी पॉलिश पेपरने खरवडून घ्या नाहीतर गुळगुळीत स्टीलवर गोंद धरत नाही आणि हँडल फिरतं, लोड नाही. खुंट्या बांबूच्या.

बूच

वापरलेलं बूच नको, स्क्रूने उघडताना त्यात तिरकं भोक पडलेलं असतं आणि आपलं भोक त्याच वाटेने जातं. नवीन निमुळतं बूच घ्या. ड्रिलने बुचाचा भुगा होतो, त्यापेक्षा पितळी नळीच्याच टोकाला कानसून धार करा आणि गोल गोल फिरवत दाबा, अर्ध्यापर्यंत एका बाजूने, अर्ध्यापर्यंत दुसऱ्या बाजूने, मधोमध भेटतं. मग त्यातच स्पोक सैल फिरेल अशा मापाची नळी बुचाच्या लांबीची कापून गोंदाने बसवायची. स्पोक नुसता बुचात फिरवला तर थोड्या दिवसात भोक मोठं होतं आणि हँडल लटलट करायला लागतं.

स्पोक नळीतून ओवला की बुचाच्या आतल्या बाजूला एक मणी, बाहेरच्या बाजूला एक मणी, दोन्ही स्पोकला चिकटवलेले, मध्ये केसभर मोकळीक. याने आस आतबाहेर सरकत नाही. हँडल सगळ्यात शेवटी वळवायचं. दोन पकडी घ्या, एकीने मण्याच्या बाहेर स्पोक घट्ट धरा आणि दुसरीने वाकवा, म्हणजे वाकवायचा जोर बुचावर येत नाही.

बाहेरची रंगीत तालीम

आत काहीही घालायच्या आधी सगळं बाहेर एकदा चालवायचं. त्याच जाडीची प्लॅस्टिकची बाटली मिळाली तर उभी चिरून अर्धी नळी करा, नाहीतर जाड पुठ्ठा गोल वळवून. त्यात फासळ्या, पट्ट्या, खांब, ऐरण, सगळं गोंदाशिवाय बसवा, आस घाला, आणि फिरवा. घण पडतो का, कुठे घासतो का, खुंटी सुटताना शेपूट लोडाला लागतं का. इथे जो दोष दिसेल तो काढायला एक मिनिट, आत दिसेल तो काढायला एक संध्याकाळ. आणि सगळे भाग एकेक करून बाटलीच्या तोंडातून, किंवा त्याच मापाच्या पुठ्ठ्याच्या भोकातून, घालून बघा. रंग दिल्यावर भाग थोडे जाड होतात हे लक्षात असू द्या, तालीम रंगानंतर करा.

लोहाराची आकृती या वेळेपर्यंत तयार ठेवा, 30 मिमीच्या आसपास उंच, मऊ लाकडात कोरलेली. पसरलेले हात वेगळे कोरून आत चिकटवायच्या फंदात पडू नका, हात अंगाशी धरून सांडशी पुढे केलेला लोहार करा, लांबट आकार होतो आणि एका दमात आत जातो. बारकाव्याने नाकडोळे कोरू नका. आकृती जरा सडपातळच ठेवायची आणि रंग ठळक द्यायचे, फिक्या रंगांची आत नुसती माती होते.

आत

बाटली ठोकळ्यांवर आडवी, तळाच्या बाजूने एक दिवा, तोंड तुमच्याकडे. खोलातलं आधी, जवळचं नंतर, याला अपवाद नाही.

पहिली फासळी तारेच्या टोकाला थोडं मेण लावून त्याला चिकटवा, खालच्या कडेला इपॉक्सीचे दोन थेंब, लांबीने आत न्या, जागेवर वळवा, दाबा, तार फिरवून मेण सोडवा. पहिली तळापासून 6-7 सेंटीमीटरवर, दुसरी तिच्या अलीकडे 9 सेंटीमीटरवर. दोन्हींची वरची कड एका पातळीत आहे का ते समोरून एक डोळा मिटून बघायचं. इपॉक्सी अर्धवट घट्ट असतानाच बुचासकट आस एकदा आत घालून बघा, आसापासून फासळ्यांपर्यंतचं अंतर सारखं दिसतंय ना, नसेल तर आत्ताच सरकवता येईल, उद्या नाही. मग रात्रभर सोडा.

दुसऱ्या दिवशी चार पट्ट्या, बाहेरच्या दोन आधी. कडा गोंदाने बरबटू देऊ नका, फासळीवर प्रत्येकी एक थेंब पुरे. त्यानंतर मागचा खांब, आणि याला गोंद सढळ हाताने, वर सांगितलं तसं सगळा उलटा जोर यालाच येतो. भट्टीचं धुराडं असलेली पाठभिंत खांबाच्या मागे लावायची असेल तर ती अर्थात त्याच्याही आधी. मग घणाचा खांब. खुंट्या भोकात उतरताना टुक् असं जाणवतं, कडीवाल्या तारेने वरून दाबून धरा.

ऐरण आता चिकटवू नका. नुसती खुंट्यांवर उभी करा, आस आत घाला, बूच बसवा आणि चालवा. आस आत नेताना खुंट्या उभ्या ठेवायच्या, आडव्या असतील तर घणाच्या शेपटाला लागतात. टोक नरसाळ्याला लागलं की हाताला कळतं, तिथे जोर न लावता बूच हळूहळू फिरवत दाबत जायचं. आता हँडल फिरवा. कुठल्या दिशेने, तर ज्या दिशेने खुंट्या घणाच्या बाजूला खाली येतात त्या दिशेने, आपल्या नकाशाप्रमाणे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलट फिरवलं तर खुंटी शेपटाला खालून वर ढकलते, घण तर आधीच ऐरणीवर टेकलेला, तो आणखी खाली जाणार कुठे, मग एकतर खुंटी मोडते नाहीतर खीळ. बुचावर बाणाची खूण कोरून ठेवा. पाहुणे हँडल पहिल्यांदा उलटंच फिरवतात, हे गृहीत धरून चाला.

घाव नीट बसत नसेल तर आस काढून ऐरणीखाली कागद वाढवा किंवा कमी करा, समाधान झालं की गोंद. मग लोहार, मग कोळशाची टोपली, पडलेले लोखंडाचे तुकडे, जे काय तुमच्या मनात असेल ते. सगळं झाल्यावर बाटली उघडी ठेवून आठवडाभर वाळू द्या. तोंडावर जाळीदार कापड बांधा, धूळ जायला नको.

अडलं तर

घण वर जाऊन तिथेच राहतो: खीळ घट्ट आहे किंवा डोकं हलकं. पेन्सिलीच्या शिशाची पूड चिमटीने खिळीवर सोडा. तेल कधीच नाही, तेल लाकडात पसरतं, काचेवर चढतं आणि मग तो डाग कायमचा.

हँडल फिरतं पण घण उचलत नाही: लोड स्पोकवर सुटलाय, किंवा खुंटी शेपटाच्या मागेपुढे पडतेय. दुसरं असेल तर मण्यांची जागा बदलून आस दोन-तीन मिमी सरकवा.

आवाज येतो पण दर दुसरा घाव हलका: दोन खुंट्यांची लांबी सारखी नाही. तशी ती चालही वाईट नाही लागत, एक जोराचा एक हलका, खरे लोहारही ऐरणीवर असा ताल धरतात, मी असेल तर तसाच ठेवीन.

काही जुन्या बाटल्यांत बुचाच्या आतल्या टोकातून आडवी लाकडी खीळ घातलेली असते, बूच बाहेरून निघतच नाही आणि बघणारा वेडा होतो. दिसायला फार भारी प्रकार आहे पण पहिल्या बाटलीला नको, कारण हलती वस्तू कधी ना कधी दुरुस्तीला येते. आणि बाहेरून लोहचुंबक फिरवून आतलं चक्र फिरवायची आधुनिक युक्तीही चालते, बुचाला भोकच लागत नाही, मला मात्र ती तितकीशी पटत नाही, हँडल फिरवताना खुंटीचा दाब आणि सुटल्याचा झटका बोटाला जो कळतो तो चुंबकात मिळत नाही.

हा घण जमला की पुढचं मॉडेल याच आसावर बसतं. खाणींमध्ये दगड कुटायला ओळीने उभी मुसळं असायची आणि फिरणाऱ्या आसावरच्या खुंट्या ती एकेक करून उचलून सोडायच्या. लोड लांब घ्या, 15 मिमी, त्यावर तीन खुंट्या 5-5 मिमी अंतरावर आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा 120 अंश वळवून. आसाच्या शेजारी एका चौकटीत तीन उभ्या काड्या, खालच्या टोकाला धातूचा तुकडा, मध्यावर आसाच्या बाजूला बाहेर आलेली एक आडवी जीभ, खुंटी वर येताना जिभेला उचलते आणि सोडते. इथे खुंट्या त्या बाजूला वर जायला हव्यात, म्हणजे चौकट उजवीकडे असेल तर हँडलची दिशा घणाच्या उलट, आणि आसावरचा जोर आता खाली येतो. चौकट 16 मिमीपेक्षा रुंद करू नका म्हणजे काड्यांसकट अख्खी आत जाईल.